भाऊजी पक्के होईपर्यंत

आमच्या धाकट्या भाऊजींना औरंगाबादच्या एका छोट्या विमान कंपनीत नोकरी लागली, तेव्हाची गोष्ट सांगते तुम्हाला. नोकरी कच्ची होती. म्हणून मी देवीला बोलले, भाऊजी पक्के होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही.

कंपनीकडे विमान एकच. ते आधी आठवड्यातून चारदा मुंबईला जायचं, मग दोनदा जाऊ लागलं, मग दुरुस्तीला गेलं ते आलंच नाही. मी मात्र जुन्या जालन्यात भर उन्हात अनवाणी बाजार करून राह्यले होते. सासूबाई म्हणायच्या, "नोकरी त्याची, अन् भेगा तुझ्या."

दीड वर्षाने भाऊजी बॅग घेऊन घरी आले. "वहिनी, कंपनी बंद पडली. आता घाला चप्पल."

"नवस कंपनीचा न्हाई, तुमच्या नोकरीचा आहे."

महिनाभरात ते एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कारखान्यात लागले आणि त्याच संध्याकाळी माझ्यासाठी नव्या चपला घेऊन आले.

"पक्कं केलं का?" मी विचारलं.

"सहा महिने काम बघतो म्हणाले."

"मंग ठेवा कोपऱ्यात. सहा महिने असे जातील."

भाऊजींना राहवलं नाही. "तुम्ही अनवाणी, मंग मीबी अनवाणी," म्हणाले अन् सकाळी तसेच कामावर गेले. तासाभरात परत आले. बुटाशिवाय वॉचमन आत सोडेना.

मी म्हटलं, "घाला बूट अन् जल्दी जा. अनवाणी राहायला घरात एक जण पक्की आहे."