दीपमालाच्या फोनमधली नोंद

दि. ७ नोव्हेंबर २०२५

नाव हर्षाली नामदेव कोरके, वय २३ वर्षे, शिक्षण बी.एस.डब्ल्यू., धंदा संशोधन प्रकल्पात क्षेत्र सहायक, रा. येडशी, ता. जि. धाराशिव.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी आई-वडिलांसोबत राहते. घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच. जूनपासून एका संस्थेच्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासात काम करते. बायकांच्या संमतीने त्यांच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकले जाते. फोन दिवसभरात किती हलला, कुठे गेला, किती कॉल झाले, एवढे ते टिपते. बोलणे ऐकत नाही. मन खचू लागले की माणसाचे फिरणे आधी कमी होते का, हे त्यावरून पाहायचे आहे.

दि. ३ ऑक्टोबर रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी बेंबळी येथे दीपमाला योगीराज सुरवसे, वय २६, यांच्या घरी गेले. संमतीपत्र ज्या बाईचे तिला एकटीलाच वाचून दाखवावे, असा आमचा नियम आहे. त्यांच्या सासू सारजाबाई म्हणाल्या, "आमच्यापुढं वाचा. सुनंला एकलीला काय सांगायचंय?" गावात सुनेशी बोलायचे तर आधी सासूपुढे बसावे लागते. म्हणून मी सर्वांसमोर मोठ्याने वाचले. फोन कुठे जातो ते कळते, हे पती योगीराज यांनी तेव्हाच ऐकले. ते म्हणाले, "घर ते नळ, नळ ते घर. नकाशा लई मोठा हुईल बघा, मॅडम." सगळे हसले. दीपमाला हसल्या नाहीत. सही त्यांनी केली.

दि. ४ नोव्हेंबर रोजी दीपमाला घरातून निघून गेल्या. ५ तारखेला सकाळी ११.४० वाजता त्यांचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, "ताई, मी बरी हाय. माझ्या मनानं निघाले. ते फोनमधलं पुसता येतंय का?" अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येते व माहिती पुसून घेता येते, असे संमतीपत्रात लिहिले आहे. मी लगेच कार्यालयाला कळवले. दुपारी चार वाजता माहिती पुसल्याचा संदेश आला. मधल्या वेळात मला नकाशा उघडता आला असता. मी उघडला नाही. त्या कुठे आहेत हेही विचारले नाही.

६ तारखेला सायंकाळी योगीराज आमच्या घरी आले. म्हणाले, "नकाशा काढा, मॅडम. बायको माझी, फोन बी मीच घेऊन दिलाय." मी म्हणाले, "फोन तुम्ही दिला असेल. पाय त्यांचे आहेत." ते म्हणाले, "मग ठाण्यात बोला." ते गेल्यावर वडील मला म्हणाले, "बाई, काय असंल ते देऊन टाक." देण्यासारखे काही उरले नव्हते. उरले असते तरी दिले नसते.

मी त्यांच्या पत्नीस फूस लावली, ही योगीराज यांची तक्रार खोटी आहे. चूक माझी एकच. संमतीपत्र मी सगळ्यांपुढे वाचले. त्याबद्दल मी दीपमालांची माफी मागेन. योगीराज यांची मागणार नाही.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. शेवटी 'यापुढे असे करणार नाही' असे वाक्य लिहिलेले होते. ते मी सांगितले नव्हते. ते खोडायला लावून शेजारी सही केली आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही)
हर्षाली नामदेव कोरके