इथे कविता चालत नाहीत

अनुपमा: ‘पयलो कान लाव, मगे हात लाव.’ तुझा तो आवाज अजून ऐकू येतो मला, बाबा. सात वर्षांची असेन. मिक्सर बंद पडला होता, मी स्क्रू काढायला बसले, आणि तू मोरीतून ओरडलास.

गुणाजी: ओरडलंय नाय गो. माझा साधा बोलणाच तसा. कापडगिरणीच्या साचेखात्यात दोनशे माग एकदम धडधडत. थंय वीस वर्षं फिटर म्हणून काढलेलो माणूस कुजबुजत नाय.

अनुपमा: मग लाव आता कान. चालू करते.

गुणाजी: थांब. ह्या काय आणलंस ता तरी सांग. रविवारची इलंस, टेबलावर डबो ठेवलंस, चाय पण नको म्हणालंस.

अनुपमा: घरघंटी. आमच्या कंपनीची नवी. बाजारात जायच्या आधी तू ऐकावीस म्हणून आणली.

गुणाजी: आणि जुनी? तुझी आई कमळ अख्ख्या जोगेश्वरीत सांगत फिरायची, माझ्या अनूनं पिठाची गिरण काढली.

अनुपमा: जुनी बंद केली. आठ महिन्यांतच परत यायला लागल्या. दळता दळता अडकायच्या. पीठ सीलखालून आत बेअरिंगमध्ये शिरायचं आणि कणकेच्या गोळ्यासारखं बसायचं.

गुणाजी: माका बोललंस नाय.

अनुपमा: आई आजारी होती तेव्हा.

गुणाजी: आई आजारी होती. मी बरो होतंय.

अनुपमा: हो. चुकलंच.

गुणाजी: काय?

अनुपमा: म्हटलं, चुकलं! ते कानातलं मशीन का नाही घातलंस?

गुणाजी: त्यात भांडी वाजतत. पावणेदोन महिने घातला. शेजारच्या चमच्याचो आवाज येता आणि समोरच्या माणसाचो नाय. डबीत ठेवलाय, चांगली झोप लागता त्याका. ती काठी दे, फळीवर आसा.

अनुपमा: अजून जपून ठेवलीयस?

गुणाजी: गिरणी बंद झाली तेव्हा कोण पट्टे घेऊन गेले, कोण तांबा. मी मागावरची ही लाकडी काठी आणलंय. एक टोक मशीनवर, दुसरा कानामागच्या हाडावर. कान गेलो तरी हाड ऐकता. तू शाळेतसून येऊन ह्याच काठीचा टोक हनुवटीखाली धरायचंस आणि माका गुपितां सांगायचंस. तुझी आई म्हणायची, बसली बापलेक ट्रंककॉलवर.

अनुपमा: आठवतं.

गुणाजी: एकदा कंपासपेटी हरवलेली. दोन दिवस तोंड शिवून बसलंस, मगे काठीतसून बोललंस. कर चालू. गहू टाकलंस ना? रिकाम्या जात्याचो आवाज खोटो असता.

अनुपमा: टाकलेत.

(घरघंटी सुरू होते. गुणाजी काठीचं एक टोक तिच्यावर टेकवतो, दुसरं कानामागे लावतो आणि डोळे मिटतो. मग तो हात वर करतो, घरघंटी थांबते.)

गुणाजी: बरी आसा.

अनुपमा: नुसतं बरी?

गुणाजी: फिटर बरी म्हणता तेव्हा ती झकास असता. पट्टो थोडो ढिलो कर. बाकी एकसुरी चालता. हुंदको नाय.

अनुपमा: काय नाही?

गुणाजी: हुंदको. मधेच श्वास गिळल्यासारखो एक झटको येता ना, पीठ आत शिरता तेव्हा. तो हिच्यात नाय. काय केलंस?

अनुपमा: सील वर घेतलं. त्याच्याखाली एक पन्हाळ दिली, शिरलेलं पीठ बाहेरच पडावं म्हणून.

गुणाजी: शाबास. कोणाक सुचला?

अनुपमा: एका साइटवर कुणीतरी दोष सांगितला होता. जुनी घंटी बाजारात जायच्याही आधी. आम्ही तिकडे बघितलं नाही.

गुणाजी: खयची साइट?

अनुपमा: ‘खडखड’.

गुणाजी: आमची खडखड?

अनुपमा: हो.

गुणाजी: दर गुरवारी एक आवाज टाकतत, आणि कसलो बिघाड ता ओळखूचा, तीच ना?

अनुपमा: तीच. इंजिनियर लोकांनी इंजिनियर लोकांसाठी काढलेली.

गुणाजी: इंजिनियर लोकांसाठी, ता आमका मागाहून कळला. आम्ही दोघां जेवण आटपून बसू. तेव्हा डावो कान चालायचो. फोन त्या कानाक लावचंय आणि कमळीक सांगचंय, ह्या बेअरिंग सुका, ह्यो पट्टो सरकता. ती टाईप करायची. लिफ्टचो आवाज ऐकलंव, रिक्षाचो ऐकलंव. एकान आरेतल्या गोठ्यातल्या दूध काढायच्या मशीनचो टाकल्यान, त्यात मधे म्हस हंबारता. कमळ म्हणाली, हिचा काही बिघडलेला नाय, हिका चारो घाला.

अनुपमा: ते उत्तर खूप गाजलं होतं. चारशे लोकांनी–

गुणाजी: तुका कसा म्हायत?

अनुपमा: आईचा फोन माझ्याकडे आहे ना. दिवाळीत उघडला. त्यात अकाउंट होतं. ‘खुंटा’ नावाचं.

गुणाजी: नाव तिनाच ठेवल्यान. मी म्हटलंय, गुणाजी फिटर टाक. ती म्हणाली, जातां कोणाच्या नावान फिरत नाय, खुंट्यान फिरता.

सोनूबाई: गुणाजीभाऊ, काय चाललंय काय? भिंतीपलीकडे माझ्या मांडणीवरचे पेले नाचतायत. भूकंप झाला म्हणून पायात चप्पल घालून आले.

गुणाजी: ये सोनूबाय. अनूची नवी घंटी.

सोनूबाई: अगो, अनू आलीय होय. बारीक झालीस. मग घावण्याचं पीठ होईल का गं हिच्यात? दोन किलो तांदूळ भिजवून वाळवून ठेवलेत.

अनुपमा: होईल, मावशी. संध्याकाळी आणा.

सोनूबाई: आणते. आणि हळू बोला, बापलेक किती मोठ्यानं बोलताय. मी मुद्दाम ऐकत नाही हां, पण भिंत अशी आहे, तिकडे कुणाला उचकी लागली तर मी इकडे पाणी पिते. खडखडचं चाललं होतं ना?

अनुपमा: तुम्हाला पण माहितीये?

सोनूबाई: म्हणजे काय. दर गुरुवारी कमळवहिनी मला गॅलरीत वाचून दाखवायची. भाऊ नुसतं म्हणायचे, बेअरिंग गेलंय. ती त्याची ओवी करून पाठवायची. ती कुठली गं, हुंदक्याची... भाऊ, सांगा ना.

गुणाजी: ‘जातं घुमतं घुमतं, मधी गिळतं हुंदका,
पीठ शिरलं गं आत, त्याचा जीव झाला मुका.’

सोनूबाई: हीच. बघ, अंगावर काटा आला. आणि त्या मेल्यानं पुसून टाकली.

अनुपमा: कोणी?

सोनूबाई: असतो ना तिथे एक, साइटचा वॉचमन. काय ठेवायचं, काय काढायचं ते बघणारा. तीन ओव्या पुसल्यान् आणि वहिनीला हाकलून दिलं. माझ्या हाताला लागला असता तर लाटण्यानं कणीक तिंबली असती त्याची. जाते मी, गॅसवर कुकर आहे.

गुणाजी: लोट दार, सोनूबाय.

अनुपमा: बाबा, त्याला मॉडरेटर म्हणतात.

गुणाजी: काय असात तो. मी त्याका दोष देत नाय. त्यान लिवलेल्यान, उत्तर मोजमापासकट द्या, इथे कविता चालत नाहीत. त्याचा पण बरोबर. साचेखात्यात आमच्यावरच्या जॉबरान विचारला बिघाड कसलो, आणि मी गाणा म्हटलंय, तर चालात?

अनुपमा: पण बिघाड बरोबर सांगितला असेल तर?

गुणाजी: ता कळलाच नाय ना. ओवी पुसली, म्हणजे उत्तर चूक की बरोबर, खयसून कळतला? कमळीन तो निरोप चार वेळा वाचल्यान. माका म्हणाली, ‘अहो, आपला चुकला काय ओ?’ मी म्हटलंय, कान माझो, चूक झाली तर माझी. तरी तिच्या मनातसून ता गेला नाय.

अनुपमा: मला का नाही विचारलंत? एक फोन करायचा.

गुणाजी: ती म्हणालेली. अनूक विचारूया, ती त्याच लायनीतली. मीच नको म्हटलंय.

अनुपमा: का?

गुणाजी: तू हसशात म्हणून. तू मोठ्या ऑफिसात, मरोळला. थंय ग्राफ काढतत, मोजमापा घेतत. म्हातारा-म्हातारी फोन कानाक लावून ओव्या पाठवतत, ह्या तुझ्या चार माणसांत कळला तर तुका बरा वाटला नसता. तुझी लाज जपूक गेलंय.

अनुपमा: माझी लाज, बाबा?

गुणाजी: रडतंस कित्याक? ता कॅलेंडर काढ खिळ्यावरचा. गेल्या सालचा. पानांच्या मागे बघ.

अनुपमा: हे आईचं अक्षर.

गुणाजी: अकाउंट गेला तरी आवाज ऐकूक मिळायचो. फक्त लिवूक मिळायचा नाय. मगे ती दर गुरवारी हंय लिवायची, पानामागे. फाल्गुनापर्यंत लिवल्यान. शेवटी शेवटी हॉस्पिटलात ता कॅलेंडर उशाशी ठेवून विचारायची, ह्या गुरवारी काय आवाज होतो ओ? मी कायतरी सांगचंय. लिफ्ट सांगचंय. माझो डावो कान तोपर्यंत गेलेलो, तिका सांगलंय नाय.

अनुपमा: म्हणजे फोन कानाला लावून तू नुसता...

गुणाजी: नुसतो बसायचंय. आणि ती त्या लिफ्टची ओवी करायची. एकपण आवाज नसलेल्या सात ओव्या आसत त्यात.

अनुपमा: बाबा, मला काहीतरी सांगायचंय.

गुणाजी: बोल.

अनुपमा: त्या साइटवर मी पहिल्यापासून आहे. दर गुरुवारी लंचटाइमला पन्नास-साठ उत्तरं यायची. अर्धी टवाळकी. कुणी सासऱ्याचं घोरणं टाकायचं. ते सगळं निवडायचं काम... डब्यातला घास एका हातात, दुसऱ्या हातानं...

गुणाजी: खाली मान घालून बोललंस तर माका काय कळात? ओठ तरी दिसू देत.

अनुपमा: ते निवडायचं काम... जाऊ दे.

गुणाजी: मोठ्यान बोल गो.

अनुपमा: हळू बोललेलं तुला ऐकू येत नाही, आणि हे मोठ्यानं बोलता येत नाही, बाबा. सोनूमावशी भिंतीपलीकडे आहे. आई भिंतीवर फोटोत आहे.

गुणाजी: काय म्हणतंस? आईचा कायतरी म्हणालंस.

अनुपमा: काही नाही.

गुणाजी: बरा, ता ऱ्हवानदे. माका एक सांग. त्या साइटवर ज्यान तुमका दोष सांगल्यान, त्याचे आभार मानलंस?

अनुपमा: नाही मानले.

गुणाजी: कित्याक?

अनुपमा: उशीर झाला. मला कळलं तेव्हा ती... ते माणूस राहिलं नव्हतं.

गुणाजी: ह्या मातर वायट केलंस. त्याच्या घरात कोण असात तर त्याका सांगूचा. माणूस जाता, पण उत्तर बरोबर होता म्हणून कळला तर मागच्याक बरा वाटता.

अनुपमा: काठी दे.

गुणाजी: कित्याक? पुन्हा चालू करतंस?

अनुपमा: नाही. ते टोक तुझ्या कानामागे धर. हाडावर. हे मी धरते.

गुणाजी: हनुवटीखाली? कंपासपेटी हरवली वाटता परत.

अनुपमा: हलू नकोस. ऐकू येतंय?

गुणाजी: येता. बोल चेडवा, हळू बोललंस तरी चालात.

अनुपमा: दोष सांगणारं ‘खुंटा’ होतं, बाबा. जुनी घंटी बाजारात जायच्या आधी तिचा आवाज मीच टाकला होता, दुसऱ्या नावानं. त्याच्याखाली आईची हुंदक्याची ओवी आली. पहिली ओळ वाचली आणि पुसली. दुसरीत पीठ होतं, तिथवर गेलेच नाही. जिच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत झोपले, तिची ओवी मला ओळखता आली नाही. ‘इथे कविता चालत नाहीत’ ते मी लिहिलं. दार मी लावलं. आणि आईचं उत्तर बरोबर होतं.