सात किलोंतला वस्तरा

निकिता: पप्पा, ते बाहेर काढा.

कचरू: नाही काढणार.

निकिता: तुम्ही नाही काढलं तर उद्या सकाळी एअरपोर्टवर सिक्युरिटीवाले काढतील.

कचरू: त्यांना समजावून सांगेन.

निकिता: काय सांगणार?

कचरू: की हा वस्तरा आहे.

ललिता: बरं होईल. नाहीतर त्यांना वाटायचं चमचा आहे.

निकिता: आई, तू तरी सांग ना. लोखंडी वस्तरा, उघडं पातं, तेही हँडबॅगेत. एक्स-रेमध्ये दिसला की पप्पांना बाजूला उभं करणार. मग मला फोन येणार. मी तेव्हा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. मी पोचेपर्यंत विमान दिल्लीला जाऊन परत आलेलं असेल.

कचरू: बोधगयेला श्रामणेर व्हायला निघालेल्या माणसाला अडवतील?

ललिता: अजून झाला नाहीत तुम्ही. अजून मिशी आहे.

कचरू: हे बघ निकिता, भिक्खूच्या वस्तू आठ. तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरेचा पट्टा, सुई, पाणी गाळायचं फडकं आणि वस्तरा. यार्डातल्या माझ्या जोडीदारानं, भीमरावनं, एकेक बघून घेतलेला संच आहे. मी सातच घेऊन गेलो तर लोक म्हणतील, मार्केट यार्डात जन्मभर काट्यावर माल तोलला, इथेही मापात मारलं.

निकिता: मग तिकीट काढताना सांगायचं ना. मी फक्त केबिन बॅगचं काढलं. सात किलो. तुम्हीच म्हणालात, मला सामान काहीच नाही.

कचरू: नाहीच आहे. ही पिशवी सहा किलो दोनशे भरेल. हातानं सांगतो.

निकिता: वजनाचा प्रॉब्लेमच नाहीये, पप्पा.

कचरू: आमच्याकडे प्रॉब्लेम वजनाचाच असायचा.

निकिता: ओके. अजून वेळ आहे. मी एक्स्ट्रा बॅगचे पैसे भरते. वस्तरा खाली सामानात जाईल. विषय संपला.

कचरू: आठ वस्तू घेऊन निघालेला माणूस त्यातल्या एकीसाठी पंधरा किलोंची जागा विकत घेणार? आणि उरलेल्या जागेत काय नेऊ? गव्हाचं पोतं?

ललिता: मलाही न्या. मी त्याहून जास्त भरेन, पण थोडं सांभाळून घेतील.

निकिता: बरं. मला माहीत होतं असं होणार, म्हणून मी येताना ऑप्शन्स घेऊन आलेय. हे बघा. पहिला, ट्रिमर. बॅटरीवर चालतो. हँडबॅगेत अलाउड आहे. डोकं, दाढी, मिशी, सगळं होतं.

कचरू: याला चार्ज करावं लागतं?

निकिता: हो, हा चार्जर.

कचरू: मग ही नववी वस्तू झाली.

निकिता: पप्पा!

कचरू: आठ म्हणजे आठ. उद्या म्हणशील, वायरला एक एक्स्टेन्शन बोर्ड पण घ्या.

ललिता: आणि तिथे ध्यानाला बसायचं सोडून हे प्लग शोधत फिरणार. घरात तेवढंच करतात.

निकिता: दुसरा. हा स्टीलचा, स्क्रूवाला, आजोबांकडे होता तसा. यात पातं घालायचं नाही. नुसता दांडा न्यायचा. पातं गयेला घ्यायचं.

कचरू: म्हणजे वस्तरा पुण्याचा आणि धार बिहारची.

निकिता: त्यात काय झालं?

कचरू: काही नाही. नुसती मूठ घेऊन निघायचं माझ्या मनाला पटत नाही.

ललिता: निघताय ते तरी कुठे सगळं मनाला पटवून निघताय?

कचरू: काय म्हणालीस?

ललिता: काही नाही. तिसरा दाखव गं.

निकिता: तिसरा शेवटचा. हा साधा वापरा-आणि-फेका रेझर. प्लॅस्टिकचा. याची पाती आतच बसवलेली असतात, निघत नाहीत, म्हणून सोडतात. ऑफिसमधले सगळे हेच नेतात. आणि कलर बघा, पिवळा. चीवराला मॅचिंग.

ललिता: गंभीर गोष्ट चाललीय निकिता.

निकिता: मी गंभीरच आहे. दुकानात निळे पण होते. मी मुद्दाम पिवळे शोधले.

कचरू: भिक्खूच्या आठ वस्तूंत प्लॅस्टिक?

निकिता: बुद्धांच्या काळात विमान पण नव्हतं.

कचरू: थांब. भन्तेजींना विचारतो. ... हॅलो, वंदामि भन्ते. कचरू बोलतोय, पुण्याहून. हो, उद्याच निघतोय. एक शंका होती. वस्तऱ्याऐवजी ते प्लॅस्टिकचं, दांडीचं... हो. ... हो का. ... बरं. ... बरं, बरं. वंदामि.

निकिता: काय म्हणाले?

कचरू: म्हणाले, आम्ही सगळे तेच वापरतो. आणि येताना जमलं तर चांगल्या कंपनीचे आणा.

ललिता: झालं. संपला प्रश्न.

निकिता: थँक गॉड. मग यातला एक काढून देते. पाकिटात पाच आहेत, बाकीचे मी ऑफिसात कुणाला तरी देऊन टाकेन.

कचरू: नको, नको. पाचही राहू देत.

निकिता: अं... हो. राहू देत.

ललिता: का?

कचरू: असू दे. पाकीट कशाला फोडायचं.

ललिता: शिबिर दहा दिवसांचं आहे ना?

कचरू: दहा दिवस. हो. असतं तसं.

ललिता: त्यात मुंडण किती वेळा करतात?

कचरू: सुरुवातीला करतात.

ललिता: म्हणजे एकदा. मग पाच वस्तरे कशाला? एक दोन्ही गालांना, एक मिशीला, असं आहे का?

कचरू: हलक्या वस्तू असतात, ललिता. एखादा बोथट निघतो.

ललिता: तुम्ही आयुष्यात कधी एक जुडी कोथिंबीर जास्त आणली नाहीत. उरली तर सडेल म्हणता. परवा भन्तेजींचा फोन आला, तेव्हा तुम्हीच सांगत होतात मला, की तिथे भिक्खू दर पौर्णिमेला डोकं भादरतात. आता ही आषाढ पौर्णिमा तुम्ही गेल्यावर दोन दिवसांनी. मग श्रावण. मग भाद्रपद. मग आश्विन.

कचरू: हं.

ललिता: आषाढ ते आश्विन. वर्षावास. अख्खे तीन महिने.

कचरू: चहा झाला का कुणाचा?

ललिता: निकिता, परतीचं तिकीट कुठल्या तारखेचं आहे?

निकिता: मी चहा ठेवते.

ललिता: बस खाली. तारीख सांग.

निकिता: आई, पप्पा म्हणाले होते की ते स्वतः तुला सांगणार आहेत. मागच्या रविवारी सांगणार होते. मग म्हणाले बुधवारी. मी काय करू? मी फक्त बुकिंग केलं. वन वे.

ललिता: वा. मुलीला माहीत, भन्तेजींना माहीत. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला पण माहीत असेल.

कचरू: त्याला नाही सांगितलं.

ललिता: उपकार झाले. आणि भन्तेजींनी परवानगीचं विचारलं नाही? घरच्यांची परवानगी लागते म्हणतात.

कचरू: विचारलं. आई-वडिलांची लागते. मी म्हटलं, दोघंही नाहीत. ते म्हणाले, मग काही अडचण नाही.

ललिता: बायको आहे का, असं नाही विचारलं?

कचरू: तसं नियमात नाही.

ललिता: अडीच हजार वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

निकिता: आई, हे अगदी बरोबर बोललीस.

ललिता: तू गप्प बस. तुझा हिशेब नंतर करते. अहो, मला एवढंच सांगा. मला का नाही सांगितलंत?

कचरू: तू नाही म्हणाली असतीस.

ललिता: म्हणालेच असते. दोन दिवस नाही म्हणाले असते, रुसले असते, भाजीत मीठ कमी घातलं असतं. आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले असते. तेवढी जागा तरी ठेवायची माझ्यासाठी. मला राग आलाय. जाताय त्याचा नाही. तुम्ही रिटायर होणार म्हणून मी माझा शिवणाचा क्लास बंद केला. पोरींना सांगितलं, आता आमचे हे घरी असतात. मशीनवर चादर टाकली. आणि हे घरी असतात ते कसे? तर सकाळी उठून मला सांगतात, पोळीची कणीक जास्त झाली.

कचरू: जास्तच होती. तीस ग्रॅमनं.

ललिता: बघितलंस? बघितलंस ना?

निकिता: मी गप्प आहे.

कचरू: ललिता, ऐक. ... हा वस्तरा भीमरावचा आहे.

ललिता: त्यानं घेतलेला संच आहे, ते माहीत आहे मला.

कचरू: तसं नाही. त्यानं दोन संच घेतले होते. एक माझा, एक त्याचा. माझ्या संचातला वस्तरा वेगळा, तो कपाटात आहे. हा त्याच्या संचातला. फाल्गुनात तो गेला, तेव्हा विजयमालावहिनींनी तो माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, घरात बघवत नाही, तुम्ही तरी न्या. आम्ही दोघांनी ठरवलं होतं. काट्यावरून उतरलो, रिटायर झालो की दोघांनी एकदम चीवर घ्यायचं. दहा दिवस नाही, पूर्ण वर्षावास. तो म्हणायचा, दहा दिवसांत नुसतं डोक्याला गार वाटतं, मनापर्यंत जायला पावसाळा लागतो.

ललिता: हे तुम्ही मला कधीच बोलला नाहीत.

कचरू: काय बोलू? मे महिन्यापासून सकाळी उठतो आणि कळत नाही कुठे जायचं. यार्डात पहाटे गाड्या लागायच्या, माणसं हाका मारायची. कचरूभाऊ, आधी आमचा माल. आता कुणी हाक मारत नाही. तुझ्या मागं मागं फिरतो, कणीक तोलतो, तू चिडतेस. भीमराव असता तर दोघं कुठे तरी जाऊन बसलो असतो. आता मला भीती वाटते. हे असंच चालत राहील आणि एक दिवस मी पण जाईन, त्याच्यासारखा. बस, एवढंच आहे.

ललिता: भीती वाटते, तर तसं सांगायचं. पाच रेझर कशाला ठेवून घ्यायचे.

कचरू: चुकलं माझं.

ललिता: चुकलंच. निकिता, उठ. मशीनवरची चादर काढ. उद्यापासून क्लास सुरू करते. क्लासमधल्या दीपालीला फोन करून सांग, पोरींना निरोप दे म्हणावं.

निकिता: आणि पप्पा?

ललिता: पप्पांचं काय? ते जाणार. तिकीट काढलंय ना तू? ते काय कापडाचं आहे, उसवायला?

कचरू: ललिता...

ललिता: बोलू नका आता. तो भीमरावभाऊजींचा वस्तरा इकडे द्या. मी तेल लावून ठेवते. गंज चढला तर वहिनींना काय तोंड दाखवू? आणि ती आठातली सुई कुठे आहे?

कचरू: पिशवीत. कशाला? सुई चालते का गं विमानात?

निकिता: लहान असेल तर बहुतेक चालते. बघणाऱ्यावर आहे.

ललिता: चालो न चालो. तीन महिने चीवर तुमचं तुम्हाला शिवायचंय. तिथे मी नाही, क्लासच्या पोरी नाहीत. आजवर एक बटण लावलंय का शर्टाला? ही घ्या सुई. हा दोरा. माझ्यासमोर ओवून दाखवा. जमलं तर परवानगी.

कचरू: तुझी परवानगी नियमात नाही.

ललिता: माझ्या घरच्या नियमात आहे. ओवा.

(कचरू सुईत दोरा ओवू लागतो. दोरा दोनदा सुईच्या बाजूनं जातो.)

निकिता: पप्पा, चष्मा लावा.

ललिता: सांगू नकोस त्यांना. दोऱ्याचं टोक ओलं करा. ओलं. एवढं नाही.

कचरू: जरा लाइटकडे... हं. हं. गेला.

ललिता: गेला?

कचरू: ओढून बघ.

ललिता: ... गेलाय.

निकिता: आई, तू रडतेयस?

ललिता: सुईकडे बघून डोळ्याला पाणी येतं. क्लास बंद करून सवय गेली. तू परतीचं तिकीट काढ. आश्विन पौर्णिमा झाल्यानंतरचं. आत्ता, माझ्यासमोर.

निकिता: काढते. बॅगेसकट?

ललिता: सामान कशाला? आठ वस्तू घेऊन निघालेला माणूस आठच घेऊन परत येईल.

कचरू: मग हे रेझर पिशवीत टाकतो.

ललिता: थांबा. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. पौर्णिमा चारच.

कचरू: पाचवा जास्तीचा म्हणून.

ललिता: चार न्या. पाचवा इथे आरशापाशी ठेवते.