शिंपिणीचे हात

लेक: बाबा, सरका ना जरा. तुमची सावली शिंपिणीच्या तोंडावर पडतेय.

बाबा: पडू दे. वाळूची असली तरी जुन्या कादंबरीतली बाई आहे, सोसेल.

लेक: हात शालीत कशाला घातलेत हिचे?

बाबा: थंडी.

लेक: कादंबरीभर ती कपडे शिवते.

बाबा: हे जेवणानंतरचं दृश्य आहे.

लेक: आणि तो व्हायोलिनवाला? हात खिशात.

बाबा: मध्यंतर झालंय.

लेक: सेनापतीचे हात पाठीमागे.

बाबा: विचार करतोय. सेनापतीने विचार करू नये असं कुठे लिहिलंय?

लेक: सकाळपासून तुमच्या पाच शिल्पांचे फोटो काढले. पाचांत मिळून एक बोट नाही. मागच्या वर्षी त्या म्हातारीच्या नखांवरच्या रेघासुद्धा कोरल्या होत्यात.

बाबा: यंदा वाळू भुसभुशीत आहे.

लेक: किनारा तोच, वाळू तीच. बरं, शाल वाळत चाललीय. पाणी मारा तिच्यावर.

बाबा: तू मार.

लेक: तुम्हीच मारा.

(बाबा फवारा उचलतात. पाणी थोडं शालीवर, थोडं शिंपिणीच्या नाकावर आणि बाकीचं लेकीच्या चपलांवर.)

लेक: कधीपासून?

बाबा: उन्हाळ्यापासून.

लेक: आईला माहीत आहे?

बाबा: तिला वाटतं, मी चहा निष्काळजीपणाने सांडतो. वाटू दे. निष्काळजी तर मी लग्नापासून आहेच.

लेक: डॉक्टर काय म्हणाले?

बाबा: नाजूक कामं टाळा म्हणाले. टाळली ना. पाच ठिकाणी.

लेक: थट्टा पुरे. मला भीती वाटतेय, बाबा.

बाबा: मला काय वाटत नाही? चारदा बोटं कोरली गं. चारदा गळून पडली. हे काम वरून खाली करत यायचं. हातांपर्यंत पोचेतो चेहरा कधीच झालेला असतो, पुन्हा वर जाता येत नाही. मग शाल टाकली अंगावर. या महोत्सववाल्यांना कळलं तर पुढच्या वर्षी बोलावतील का मला?

लेक: हळू बोला. संयोजक येतायत.

संयोजक: नमस्कार, काका! फोटो झाले का सगळे? वा, शिंपीण! पण... हिचे हात?

बाबा: त्याचं असं आहे...

लेक: शेवटच्या प्रकरणात ती शिवण सोडते. नुसती बसून राहते, शालीत हात घालून.

संयोजक: मी वाचलीय ती कादंबरी.

लेक: पूर्ण?

संयोजक: बरीचशी.

लेक: शेवट वाचाच. रडू येईल.

संयोजक: हो हो, आठवलं आता. फार करुण आहे ते. काका, पुढच्या वर्षीचं निमंत्रण घरी पाठवतो. येतो मी.

बाबा: खरंच असा शेवट आहे?

लेक: शेवटी तिचं लग्न होतं.

बाबा: आणि पुढच्या वर्षी काय सांगणार आहेस?

लेक: काही नाही. चेहरे तुम्ही करा. हात मी करीन.

बाबा: तुला कोरता येतं?

लेक: नाही. पण वर्ष आहे. रागवायला तुम्ही आहातच.

बाबा: रागवणं जमेल मला.

लेक: उभे राहा आता तिच्या शेजारी. दरवर्षीसारखे.

बाबा: हात खिशात घालू?

लेक: नको, असू द्या बाहेर. शटर एवढं जलद ठेवलंय, त्यात कुणाचेच हात हलत नाहीत.