सिंगल हँड, लेडी ड्रिव्हन

नाही राकेशशेठ, चहा नको, आणि तुमचं ते पाठ झालेलं वर्णनही नको — ते मी साइटवर अकरा वेळा वाचलंय. 'सिंगल हँड, लेडी ड्रिव्हन, शोरूम कंडिशन, फक्त बावन्न हजार किलोमीटर, मालक परदेशी, अर्जंट सेल.' सहा विधानं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे सवयीनं सगळी तपासली, आणि त्यातलं निःसंशय खरं असं एकच निघालं. लेडी ड्रिव्हन. ते खरं आहे, कारण ती लेडी मी. — बसा, बसा. उभं राहण्यासारखं काही झालेलं नाही.

हो, हीच गाडी. दोन हजार दोनची, व्हीटेक इंजिनवाली, नवी घेतली, सतरा वर्षं मी चालवली, सहा वर्षांपूर्वी विकली. आता 'लेडी ड्रिव्हन' म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काय येतं? तिसऱ्या गिअरच्या वर न जाणारी, भाजीची पिशवी मागच्या सीटवर ठेवणारी बाई. त्यांचा भ्रमनिरास करायची माझी इच्छा नाही, पण या इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारांच्या पुढे गेल्याशिवाय ते जागंच होत नाही, आणि कात्रजच्या घाटात मी ते पुष्कळदा जागं केलंय. मालक परदेशी — कोण परदेशी? ज्यांना मी गाडी विकली ते पोपटराव मांजरी गावात ऊस लावतात, काल फोनवर माझ्याशी व्यवस्थित बोलले. या गाडीच्या इतिहासात घर सोडून दूर गेलेला माणूस एकच, माझा नवरा, आणि तोही पुण्याजवळच्या वाकडपर्यंतच.

आता बावन्न हजार. विकली तेव्हा मीटरवर एक लाख एकतीस हजार होते. सर्व्हिसचं पुस्तक पर्समध्ये आहे, शिक्क्यांसकट. म्हणजे पोपटरावांनी सहा वर्षं गाडी उलटी चालवली असं मानायला हवं — माणूस सज्जन आहे, पण तेवढा चिकाटीचा वाटला नाही. — नको, खुलासा नको. मी तक्रार करायला आलेले नाही, घासाघीस करायलाही नाही. तुम्ही लिहिलाय त्या भावात मला गाडी हवी आहे. मीटरचा उल्लेख एवढ्यासाठीच केला, की 'चार वाजता एक पार्टी येणार आहे' असं तुम्ही मघाशी म्हणालात, त्या पार्टीलाही हे पुस्तक दाखवावं लागलं तर मला वाईट वाटेल.

कशासाठी हवी? अहो, विकणाऱ्यानं हा प्रश्न विचारायचा नसतो. बरं, सांगते. जाहिरात मी शोधलेलीच नाही. माझे वडील, महिपती नाव त्यांचं, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते, आता एक्क्याऐंशी चालू आहे. बिबवेवाडीच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून दिवसभर फोनवर जुन्या गाड्या बघतात. घ्यायची एकही नाही, पण विकणारे व्हिडिओत इंजिन चालू करून दाखवतात ना, तो आवाज ऐकतात आणि निदान करतात. याचा टॅपेट वाजतोय, त्याचा बेल्ट गेलाय, हा माणूस खोटं बोलतोय. मधल्या वेळात गाड्यांच्या बातम्या. नव्या नंबरप्लेटची मुदत वाढली, जुन्या गाड्यांची फेरनोंदणी महागली, पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं — त्यावर तर रोज आमच्याकडे परिषद भरते. खाली प्रतिक्रियांत निम्मे लोक म्हणणार अ‍ॅव्हरेज पडलं, निम्मे म्हणणार काही झालं नाही, आणि दोन्ही पक्षांच्या नमुन्याचा आकार एक गाडी. बाबा म्हणतात, इथेनॉल उसाचंच, माणसं उसाचं गोड खाऊन जगतात, गाडीला काय होतंय, फक्त रबरी नळ्या बदलून घ्याव्यात. तर परवा त्यांनी तुमचा व्हिडिओ लावला. चित्र न बघता. फोन छातीवर पालथा होता. आणि मला हाक मारून म्हणाले, ही आपली आहे.

मी म्हटलं, बाबा, अशा हजारो गाड्या आहेत, आवाजावरून संभाव्यता किती. त्यांनी फोन उलटा केला आणि मागच्या काचेचा फोटो दोन बोटांनी मोठा करून माझ्यासमोर धरला. — तो पाण्याचा डाग नाही, राकेशशेठ. मघाशी तुम्ही म्हणालात ना, घासला की जाईल? जाणार नाही. तिथे निळा स्टिकर होता. जय भीम. गाडी घरी आली त्या दिवशी बाबांनी लावला होता, आधी पट्टी लावून काचेचा मध्य मोजून. आमच्या अख्ख्या खानदानातली पहिली चारचाकी — फिटर माणूस, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होऊ दिला नाही.

कुणी काढला? पोपटरावांनी नाही. तुम्हीही नाही, तुमच्याकडे आली तेव्हा तो नव्हताच. आमोदना, म्हणजे माझ्या यजमानांना, तेव्हा सनरूफवाली उंच गाडी घ्यायची होती — पुण्याच्या उन्हात छत उघडून कोण बसतं हा प्रश्न अलाहिदा — आणि ही विकायची ठरली. जाहिरातीसाठी फोटो काढायचे होते, तर म्हणाले, तो स्टिकर काढ, गिऱ्हाईक बिचकतं. ते स्वतः आमच्यातलेच, म्हणून जास्त — असो. मी पीएचडी झालेली बाई. विधानाला पुरावा मागायचा हे मी वीस वर्षं मुलांना शिकवत होते. किती गिऱ्हाइकं, कुठली, कशावरून — एक प्रश्न विचारला नाही. ब्लेड घेतलं, खाली गेले आणि कोपऱ्यापासून खरवडायला लागले. वीस मिनिटं लागली. चिकट कडा राहिली ती रॉकेलनं पुसली. वर बघितलं तर बाबा गॅलरीत उभे. किती वेळ होते कोण जाणे. वर गेल्यावर एवढंच म्हणाले, काचेला चरे नाही ना पडले?

पडले होते. मी नाही म्हणाले.

— हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. तुम्ही फॉर्म भरा. नाव, डॉक्टर कल्याणी महिपती गायकवाड. काच बदलून देतो काय म्हणताय? मुळीच नाही. हात लावायचा नाही त्या काचेला.

आणि एक करा, ती जाहिरात आत्ताच्या आत्ता काढा. माझ्यासमोर. बाबा दर दहा मिनिटांनी बघतात, आहे का अजून. जेवताना फोन ताटाशेजारी असतो. मी कॉलेजात जाते सांगून इकडे आलेय, कारण मिळाली नसती तर — हं, काढली? नक्की? दाखवा. ठीक आहे. पांढरं पान. आता चावी —

थांबा, फोन आहे.

हां, बाबा. ... हो, कॉलेजातच आहे. ... नाही दिसत? ... मग गेली असेल विकली. ... बाबा, असं नका बोलू. ... अहो, तुम्ही आधी बसा पाहू, बसा खुर्चीवर. ... कुणी घेतली ते सांगते —

राकेशशेठ, तुम्ही जरा बाहेर उभे राहा. दार ओढून घ्या.