वेगळ्या चुलीचा हप्ता

लोणारला, कृषी ऑफिसच्या खिडकीशी, माझ्या पुढे उकंडराव आणि कौशल्याबाई उभे होते. आतला बाबू त्यांना सांगत होता,

“नवराबायको दोघायले शेतकरी योजनेचा हप्ता भेटत नाही बाबा. म्हणून दोघायचाही बंद झाला.”

“नवराबायको कायचे साहेब? दिवाळीपासून चूल येगळी हाय. हिचं तोंडही पाह्यत नाही मी.”

“खरं काय बाई?”

“हाव. लय भांडखोर माणूस हाय.”

“बरं, नवऱ्याचं नाव सांगा.”

“बाई वं! नाव कसं घेऊ? समोर उभे हायेत ना.”

“सोडलं ना त्यायले? मंग काऊन लाजता?”

“नाव घेतलं तं त्यायचं आयुष्य कमी होते साहेब.”

“घे वं कौशल्ये! दोन-चार वर्षं गेली तं गेली, हप्ता तं चालू होईन!”

“अन् मंग संध्याकाळी भाकर कोणासाठी थापू?”