लाल गाडीला भिमाचा ट्रॅक्टर

...आणि वर मलाच बोल! तुमाला सांगतो, नुसता आवाज बदलला हो, दुसरं काय केलं मी? माझा पुतण्या ज्ञानेश, बारामतीला कॉम्प्युटर शिकला अन् ते डबडं उचलून सणसरला घरी घेऊन आला. त्यात शर्यतीचा खेळ. गाडी लाल, चपटी, अन् आवाज कसला, तर चिलटावानी... सुंईं! म्हणलं, ज्ञाना, ही गाडी हाय का गोमाशी? तर पठ्ठ्यानं बसल्या जागी तिच्यात ट्रकचं इंजिन घातलं. पाना न्हाय, जॅक न्हाय, हाताला ग्रीस न्हाय! ह्या फायलीतलं उचललं, त्या फायलीत ठेवलं. गाडी सुटली, पण आवाज तोच, सुंईं! म्हणलं, थांब, आवाज मी देतो.

आमच्याकडं ऊस वाहायला भिमाचा ट्रॅक्टर. सायलेन्सर असा फाटलेला की हितं चालू केला तर पार तिकडं कऱ्हाटी गावातली म्हैस बुजंल! भिमा मागं चहाला थांबला तवा मी गंमत म्हणून टेपात भरून ठेवला हुता. ज्ञानानं तो आवाज लाल गाडीला चिकटवला. आता मला सांगा, एवढ्याशा स्पीकरवर काय मजा? मी लग्नातला कर्णा छपरावर चढवून जोडला. धडधडधडधड! हसलो, व्हय, मांडी थोपटून हसलो!

तर शेजारची प्रयागबाई पळत आली. हातात ताट, हळद-कुंकू, नारळ! बिचारीचा ऊस तोडून रानात पडलेला, उन्हानं वाळून वजन घटतंय, अन् भिमा रोज म्हणतोय, "उद्या येतो मावशी, उद्या!" दारात ट्रॅक्टर न्हाय बघून ती ताटाकडं बघतच म्हणाली, "म्हस्कूआबा, दुसरं कशाचंबी सोंग काढायचं हुतं हो..." मांडी थोपटायचा हात मी मागं घेतला. नुसता आवाज बदलला हुता...

तेवढ्यात कोण यावं? भिमा! एका पायात चप्पल, हातात चावी. फाट्यावरच्या हाटेलात लोळत पडला हुता, आवाज ऐकून उठला तो सरळ पळत सुटला. ट्रॅक्टर हाटेलामागं उभा हाय का, ते बघायचंबी भान न्हाय! "आबा, चावी माझ्याजवळ, मग ट्रॅक्टर पळवतंय कोण?" म्हणलं, ह्यो बघ, ह्या काचंत पळतोय. भिमा वाकून बघतोय तवर प्रयागबाईनं त्याच्या कपाळाला कुंकू फासलं, नारळ हातात दिला. अन् कुंकू लावून घेतल्यावर ऊस न नेता कुठला ड्रायव्हर माघारी जातोय? मुकाट्यानं ट्रॅक्टर आणला, दिवस मावळायच्या आत रान मोकळं!

झालं ना भलं? कशाचं! सकाळी दार उघडतोय, तर सरुबाई, मुक्ताबाई, आख्खी आळी ताटं घेऊन उभी. "आबा, आमच्याबी उसाला वाजवा की!" कॉम्प्युटरला कुंकू, माऊसला हळद! ज्ञाना रडकुंडीला आला, "आबा, मला खेळायचंय!" म्हणलं, खेळ इसर बाळा. हो बाजूला अन् बायांच्या उसाचे नंबर लाव... आजपासनं साखर कारखान्याचा शेतकी ऑफिसर तूच!